सहीच्या खालचं वाक्य

फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो होतो. दवाखान्यातून अंघोळीपुरता घरी आलो होतो, दोन घास खाल्ले आणि डोळा लागला. झोपेत विमल मागच्या नळावर हात धूत होती, पाणी बारीक वाजत होतं, ती काहीतरी बोलत होती आणि पाण्यात मला ऐकू येत नव्हतं... पलीकडून माझी मुलगी प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आई गेली." मी म्हणालो, "आत्ता तर इथं होती." कसं बोललो ठाऊक नाही. पण खरंच, त्या घटकेला ती तिथं होती.

याला आता सव्वा महिना झाला. वंदनेला माणसं आली, भंतेजी आले, तिच्या कोर्टातली निवृत्त मंडळी पांढरे कपडे घालून ओळीनं बसली. आल्या-गेल्याला प्रज्ञा एकच सांगायची, "आईनं लिहून ठेवलं होतं, डॉक्टर सांगतील तसं करा. आम्ही तिच्या इच्छेप्रमाणे सगळं केलं." आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. तो कागद माझ्या अक्षरातला आहे, खाली सही विमलची आहे, आणि त्यातलं ते वाक्य खोटं आहे. ते मी घातलं. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्या आठवणी लिहा म्हणून मला सांगितलंय, त्या लिहितो. पण हे आधी सांगून टाकतो. नाहीतर बाकीचं लिहायला माझा हात चालणार नाही.

विमल स्टेनो होती. तीस वर्षं नामपल्लीच्या कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेतल्या तिनं. मी रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, चौथी पास, नांदेडकडच्या खेड्यातून सिकंदराबादेत आलेला. ती शहरातलीच, गौलीगुड्याची, मॅट्रिक, वर टायपिंग आणि शॉर्टहँड शिकलेली. लग्न ठरताना माझा मामा म्हणाला, "अरे, पोरगी इंग्रजी लिहिते. तुला काय येतं?" मी म्हणालो, "मला सही येते. वरचं ती लिहील." सगळी बैठक हसली. ती आत स्वयंपाकघरात होती, तीपण हसली असं तिच्या बहिणीनं मागाहून सांगितलं. विमल मात्र शेवटपर्यंत कबूल झाली नाही. म्हणायची, "मी हसले नव्हते. फक्त ऐकलं होतं."

तशीच होती ती. ऐकायची. घरी पाहुणे आले की मी गोष्ट जरा रंगवून सांगायचो, वर्कशॉपमध्ये दहा जण अंगावर आले वगैरे, तर ही चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणायची, "अहो, तीन होते." झालं, गोष्टच संपली. चारचौघांत तोंड पडायचं माझं. मी पण कमी नव्हतो, दोन-दोन दिवस अबोला धरायचो. ती त्याचीही नोंद ठेवल्यासारखी म्हणायची, "मंगळवारी सकाळपासून बोलला नाहीत. पुरे आता."

एकदा ती डबा विसरून गेली. माझी सुट्टी होती, मी बस धरून डबा घेऊन कोर्टात गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. उंच छत, लांब दांड्याचे पंखे, वर कुठं तरी पारवे घुमत होते. खाली माणसं बोलत होती पण सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं हळू. पिंजऱ्यात एक फुलवाली म्हातारी उभी होती. भांडण तिच्या दुकानासमोर झालं होतं, ते तिनं पाहिलं होतं, म्हणून साक्षीला आणलेलं. म्हातारी सांगायला लागली, "साब, मैं मोगरा गूंथ री थी. उत्ते में आवाज आया, तो सुई उंगली में घुस गई. फूलां पे खून पड़ा साब, मेरा दिल बोला, आज कुछ होता..." बराच वेळ सांगत होती. जजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विमलला इंग्रजीत एक ओळ सांगितली. तिची बोटं टाइपरायटरवर टपटप चालली, थांबली. माणूस चांगला होता तो, घाईतही नव्हता. कामापुरतं तेवढं घ्यायचं, ही तिथली रीतच होती.

मग विमल कागद घेऊन पिंजऱ्यापाशी गेली. जबानी वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, हाही नियम. ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत सांगायची, तेलुगू असेल तर तेलुगू, दखनी असेल तर दखनी. तिनं सांगितलं की कागदावर एवढंच आहे, ‘आवाज ऐकून मी तिकडं पाहिलं.’ म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "बस? मैं इत्ताच बोली?"

"कागज पे इत्ताच आता, अम्मा."

"और वो सुई?"

विमल म्हणाली, "सुई मेरे पास है."

वकील हसले, अटेंडरही हसला. म्हातारीनं अंगठा उठवला आणि पदर सावरत निघून गेली. मी डबा मांडीवर धरून तसाच बसलो होतो. आपली बायको काय काम करते ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं ती टाइप करते.

त्या संध्याकाळी भाकरीसाठी तिनं परातीत पीठ घेतलं आणि पाणी ओतायच्या आधी कोरड्या पिठात बोटानं काहीतरी लिहिलं. वेलांट्या, आकडे, तिरक्या रेघा. शॉर्टहँड. "काय गं ते?" म्हटलं तर म्हणाली, "सुई." आणि वरून पाणी ओतून मळायला बसली. कोर्टात जे राहून जायचं ते ती असं घरी आणायची. रोज नाही, एखाद्या दिवशी. कागद आणायची नाही, नावं सांगायची नाही, फक्त पिठात एक ओळ. पुढं पुढं मीच विचारायचो, "आज कुणाची जबानी खायची?" ती म्हणायची, "रिक्षावाल्याची. तिखट आहे, गप खा." मी खायचो. आता वाटतं की या शहरातल्या कितीतरी माणसांचं न लिहिलेलं बोलणं माझ्या अंगात गेलंय... असू दे. म्हातारा माणूस काहीही बोलतो.

निवृत्त झाल्यावर आठ-नऊ वर्षं बरी गेली. मग पोटातला रोग निघाला. एकदा ऑपरेशन झालं, दुसऱ्यांदा झालं. खिडकीपाशी तिची खाट टाकली होती. ती तासन् तास बाहेर बघत पडून राहायची आणि मी तिच्याकडं बघत. कधी दोघांनाही झोप लागायची, कधी कोण जागं आहे तेच कळायचं नाही. एका दुपारी ती म्हणाली, "वही आणा. मला लिहून ठेवायचंय." तिचा हात कापत होता, पेन धरवत नव्हतं. मी म्हणालो, "प्रज्ञाला बोलावतो." "नको. तुम्ही लिहा. मी हळू सांगते."

जन्मात पहिल्यांदा मी तिचं बोलणं उतरवत होतो. ती डोळे मिटून सांगायची, मी घाम पुसत लिहायचो. साड्या कुणाला द्यायच्या, पुस्तकं कुणाला. जोडाक्षर आलं की मी अडायचो आणि ती न विचारता थांबायची. मग ती म्हणाली, "आता मला दवाखान्यात नेऊ नका. नळ्या घालू नका. इथंच, या खिडकीपाशी, असू द्या." पेन माझ्या हातात होतं. वरच्या खोलीतलं कोणीतरी मिरच्या कुटत होतं, तो आवाज आठवतो. मी लिहिलं, "डॉक्टर सांगतील तसं करा."

"वाचून दाखवा," ती म्हणाली. मी वहीत बघत वाचलं, आणि त्या जागी आल्यावर तिनं जे सांगितलं होतं तेच बोललो. कागदावर नसलेलं. जिनं तीस वर्षं हेच काम केलं तिच्यासमोर. ती ऐकत पडली होती. मग तिनं हात पुढं केला, मी पेन बोटांत अडकवून दिलं, आणि तिनं सही केली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महिन्याभरात तिला जास्त झालं, प्रज्ञानं तो कागद बघितला आणि दवाखान्यात नेलं. अठरा दिवस. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी ती नीट शुद्धीत होती. म्हणाली, "ते लिहिलं नव्हतंत ना तुम्ही?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मी एवढं मोठं सांगितलं आणि पेन जरासंच वाजलं."

"मग सही कशाला केलीस?" मी म्हणालो. जरा चिडूनच म्हणालो.

"साक्षीदार थकला की करतो सही," ती म्हणाली. "आणि तुमच्या तोंडाकडं बघवत नव्हतं." मग मान वळवून भिंतीकडं बघत म्हणाली, "इथली खिडकी उघडत नाही हो."

तेव्हा मी तिला घरी आणू शकत होतो. प्रज्ञा बाहेर बाकावर बसली होती, तिला हाक मारायची, एवढंच. मी म्हणालो, "उद्या डॉक्टरला विचारतो." दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नळी घातली, त्यानंतर तिचं बोलणं बंद झालं. मी भित्रा होतो. ती नसलेलं घर मला दिसत होतं, आणि जितके दिवस ते लांबेल तितके दिवस मला हवे होते. तिचे दिवस मी माझ्यासाठी वापरले. दुसरं काही कारण सांगितलं तर तेही खोटं होईल.

मागच्या पंधरवड्यात प्रज्ञा तिचं कपाट लावायला आली होती. साडीच्या घड्या घालता घालता रडायला लागली. म्हणाली, "बाबा, नळी घालताना तिनं माझा हात ढकलला होता. मला वाटलं घाबरली असेल. मी तिला सांगत होते, आई, तूच लिहिलंयस ना..." तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं. पिठाची परात, पेन, सही, बंद खिडकी, सगळं. ती ऐकत होती अगदी विमलसारखी, मध्ये न बोलता. मग उठली, दोन कप पडले होते ते धुतले, पालथे घातले. "हे तुम्ही मला आता सांगताय?"

"कागद चुकीचा आहे, पोरी."

"मग दुरुस्त करा," म्हणाली आणि गेली. साड्या तशाच खाटेवर.

मी वही काढली. विमलच्या सहीच्या खाली, तिनं सांगितलं होतं ते पूर्ण लिहिलं. सहीच्या खाली लिहिलेलं कोर्टात धरत नाहीत, हे मला तिनंच कधीतरी सांगितलं होतं. न धरोत. नळ्या घालू नका, इथंच असू द्या. लिहायला अर्धा तास लागला.

प्रज्ञाचा दहा दिवस फोन नाही. परवा रविवारी आली. वही वाचली. मग साड्या बाजूला सारून त्या खाटेवर आडवी झाली, आईसारखीच उजव्या कुशीवर. खिडकी उघडीच होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "इथून काय दिसायचं तिला?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागलो. समोरची निळी पाण्याची टाकी. तिच्या कडेला रोज येऊन बसणाऱ्या दोन साळुंक्या, त्यातली एक लंगडी. पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लुंग्या. लिंबाची एक फांदी, वारा असेल तर आत येते, नसेल तर नाही. रेल्वे लाइनीचा थोडासा तुकडा, गाडी गेली की तेवढ्यात चार डबे मावतात.

"चार?" प्रज्ञानं विचारलं.

मी उठून तिच्या डोक्यापाशी वाकलो, तिच्या उशीच्या उंचीवरून बाहेर बघितलं आणि गाडी येईपर्यंत तसाच वाकून थांबलो.

"तीन," मी म्हणालो.