रामाकोन्याची भरती

आमच्या मोठ्या आईच्या अंगणात दिवसातून दोनदा समुद्र यायचा. तोही रामाकोन्यात, जिथे निम्म्या गावाने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला! सकाळ-संध्याकाळ ती सिमेंटच्या टाक्यात मिठाचं पाणी ओतायची आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "भरती आली हो!" थोड्या वेळाने बूच काढलं की ओहोटी. गाव तिला समुंदरवालीच म्हणायचं.

ती माझी मोठी काकू. तिचं माहेर कोकणात, खाडीकाठी. वडिलांची बदली आमच्या जवळच्या सौसरला झाली, मोठ्या बाबांशी लग्न झालं आणि ती आमच्या संत्र्यांच्या मुलखात येऊन पडली. टाक्यातल्या चिखलात तिने खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाचं रोप लावलं होतं. माहेराहून त्याची कोंब फुटलेली लांब शेंग तिने ओल्या पदरात गुंडाळून, गाडीत वाटभर मांडीवर सांभाळून आणली होती. "याचं बी आईच्या अंगावरच रुजतं. चालायला लागलं की मगच आई सोडते," असं ती कौतुकाने सांगायची. खडेमीठ आम्ही इतकं आणायचो की सौसरच्या दुकानदाराने एकदा विचारलंच, "लोणच्याचा कारखाना टाकला का जी?"

मोठ्या बाबांचा जीव मात्र त्या झाडापायी कासावीस व्हायचा. संत्र्याच्या बुडाशी पाणी साचलं की झाड गेलं, हे त्यांच्या रक्तातच होतं. ती कुणाच्या लग्नाला पांढुर्ण्याला गेल्याचं पाहून त्यांनी झाडावर दया केली. बूच काढलं, चिखल वाळवला, वर खोडाला संत्र्याला लावतात तसं मोरचूद-चुन्याचं बोर्डोही फासलं!

मोठी आई परतली तेव्हा पानं लोंबत होती.

"अहो, हे काय केलंत?"

"वाचवून राहिलो वं त्याले! पाण्यात सडन ना ते!"

"त्याला पाणी तोडलं की ते मरतं!"

तिने बूच लावलं, पाणी ओतलं आणि दोन दिवस घरात ओहोटीच राहिली. पानं उभी झाली तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. प्लॉट पाडायला कुणीतरी खाडीच्या नाल्याच्या तोंडावर मातीचा भराव घातला होता. भरतीचं पाणी आत जाईना आणि सबंध कांदळवन उभ्या उभ्या वाळत होतं. मोठी आई रडायलाच लागली. "वादळात आधी ती झाडं मार खायची, मग आमची घरं. कोळंबी तिथेच वाढायची, खेकडे तिथेच. आता काय राहील?" मोठे बाबा फोनमध्ये डोकं घालून बघत होते. म्हणाले, "म्हंजे तिथंबी कोणी माह्यावानी शहाणा हाय!"

भराव काढायचा हुकूम निघाला होता, पण काढायला कुणी हलत नव्हतं. शेवटी तिच्या माहेरच्या गावानेच रविवारी फावडी घ्यायचं ठरवलं. मग काय, मोठी आई आणि मी निघालो, तसे मोठे बाबाही घरचं फावडं घेऊन निघाले. पांढुर्ण्याला गाडीत शिरताना कुणी विचारलं, "फावडं घेऊन कुठी चालले बुवा?"

"सासुरवाडीले!"

तिथे ते पहिल्याच पावलाला गुडघाभर चिखलात रुतले. साळ्याने ओढून काढलं, तर चप्पल खाडीनेच ठेवून घेतली. पण भरावाचं शेवटचं ढेकूळ त्यांनीच ओढलं. पाणी आत घुसलं तसे ते वावरात मोटर सुरू झाल्यासारखे नाचले, "आलं वं! आलं!" मोठी आई इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. इतकी सुखी मी तिला कधीच पाहिली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. टाक्याचं आता काय होणार, हे विचारायची आमची हिंमत होईना. ते झाड गेलं असतं तर ती मला दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या सकाळी मोठे बाबा उठले. बादलीत मीठ ढवळलं, चाखून पाहिलं, आणखी एक मूठ टाकली. टाकं भरलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक दिली, "भरती आली वं!"