बॉनेटवरचं दही

हायवेवर वेगाचा नवा बोर्ड लागला, साठचे ऐंशी झाले, त्या सकाळी वसई फाट्यावरच्या टपरीवर एवढे ड्रायव्हर जमले की दूध संपल्यावर टपरीवाल्याने उरलेल्यांना नुसत्या चर्चेवर बसवलं. मीही होतो. मी जिथे असतो तिथे आवाज माझाच असतो, हे नम्रपणे नमूद करतो.

आमच्यातला वडीलधारा म्हणजे उस्ताद. मूळचा नगरकडचा, सगळी हयात गुजरात लाइनवर गेलेली. गाडी मी त्याच्याच हाताखाली शिकलो. बशीत चहा ओतत तो म्हणाला, "ऐंशी लिहिलं, झ्याक केलं. आता तेवढं खड्ड्यांना वाचायला शिकवा म्हणावं."

नालासोपाऱ्याचा एक कंटेनरवाला म्हणाला, "प्रॉब्लेम बोर्डाचा नाय, भाऊ. सरकार लिहितं जास्तीत जास्त ऐंशी. आपला शेठ वाचतो कमीत कमी ऐंशी. उद्यापासून बघ, फोनवर फोन. अजून मनोरलाच कसा?"

सगळ्यांनी ग्लासात डोकं घातलं, कारण ते खरं होतं. भरलेली गाडी ऐंशीवरून थांबवायची तर पापडीच्या तळ्याएवढी जागा लागते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पायाच्या तळव्यापर्यंत ठाऊक. पण खरं बोलून सगळ्यांचा चहा गार करणं आमच्या टपरीच्या रीतीत बसत नाही. सभा सावरायची जबाबदारी माझ्यावर आली.

"ऐंशी?" मी म्हणालो. "ऐंशीला माझी गाडी जांभया देते. परवा वापीहून अशी हाणली, अशी हाणली, की माझी सावली मागे राहिली. चारोटी नाक्याला गाडी उभी करून वाट बघितली तिची. धापा टाकत आली बिचारी."

हशा पिकला. पलीकडच्या बाकावर पांढऱ्याशुभ्र पँटमधले एक गृहस्थ कटिंग पीत होते, ते तेवढे हसले नाहीत. माझ्यातला कलावंत पेटला. हसत नाही म्हणजे काय? मी बाक त्यांच्याकडे ओढला आणि मी ॲम्ब्युलन्सला ओव्हरटेक करतो अन् आतला पेशंट उठून बसून मला टाटा करतो, तो किस्सा हातवाऱ्यांसकट सांगितला.

गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला आणि टपरीवाल्याला विचारलं, "पापडीचा एक मुलगा इथे येतो. ट्रक चालवतो. सरळ आहे म्हणतात. माहीत आहे का तुम्हाला?"

टपरीवाल्याने हातातलं फडकं माझ्याकडे केलं. "हाच की."

माझ्या तोंडातली खारी विरघळायची थांबली.

ते भुईगावचे बागायतदार. त्यांची मुलगी शाळेत शिकवते, आणि वर्षभर माझ्या थापा ऐकूनही माझ्याशी लग्नाला तयार होती. एवढं सोशिक माणूस अख्ख्या वसईत दुसरं नसेल. बापाचं म्हणणं होतं, ट्रकवाल्याला मुलगी नाही. तिने म्हटलं होतं, आधी चौकशी तर करा. आता बँकेतल्या मुलाची चौकशी बँकेत होते, ड्रायव्हरची फाट्यावर. ती अशी झाली.

"झाली माझी चौकशी," ते उठत म्हणाले.

"अंकल, ते नुसतं बोलणं होतं हो!"

"मग खरं काय?"

आता आली का पंचाईत! मी खरं सांगायला लागलो की लोक आधीच हसायची तयारी करतात. मी उस्तादकडे बघितलं. त्याने सावकाश बशी संपवली.

"साहेब," तो म्हणाला, "ह्याचं तोंड ऐकू नका. ह्याचं दही खा."

हे समजावून सांगायला हवं. आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध. त्यावरचं झाकण म्हणजे बॉनेट. ते कायम उबदार असतं. उस्तादची पद्धत अशी की परतीच्या फेरीला कोमट दुधाला विरजण लावून डबा बॉनेटवर, फडक्याच्या चुंबळीवर ठेवायचा. मुक्कामी पोचेपर्यंत दही लागतं. पण दही मानी असतं. ब्रेक दाबलेत, खड्डा आपटलात, कट मारलात, की पाणी सुटलंच. उस्ताद शिकाऊ माणसाचं लायसन्स बघत नाही, दही बघतो. डब्याला झाकणही लावू देत नाही, वर नुसतं फडकं. झाकणाचं दही म्हणजे त्याच्या मते कॉपी करून पास होणं.

आणि लाजेची गोष्ट अशी, की या लाइनवर माझ्याइतकं घट्ट दही कुणाचंच लागत नाही. मी पन्नाससाठच्या वर जात नाही. सायकलवाले मला वाईट वाटू नये म्हणून हळू होतात. अशा माणसाने तोंडानेसुद्धा वेगात जायचं नाही का?

शनिवारी अंकल माझ्या वापीच्या फेरीला सोबत आले. तीच पांढरी पँट, खिशात रोझरीची माळ आणि घरून आंटींनी दिलेली विरजणाची बाटली. "दही लागलं तर पुढचं बोलू," ते म्हणाले. नाही लागलं तर काय, ते उघड होतं.

वापीला कागदाचे रीळ भरले. तिथल्याच एका टपरीवरून कोमट दूध घेतलं. विरजण अंकलनी स्वतःच्या हाताने घातलं, डबा चुंबळीवर बसवला आणि परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे त्याच्याकडे बघत बसले. मी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून गाडी चालवली. तलासरीपर्यंत जबडा दुखायला लागला.

नव्या बोर्डापाशी फोन वाजला. शेठ. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. अंकलनी फोन उचलला.

"ड्रायव्हर गाडी चालवतोय. नंतर करा."

"तुम्ही कोण?" शेठचा आवाज मला इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला.

"मी दही बघतोय," असं म्हणून अंकलनी फोन बंद केला. या एका वाक्यासाठी मी त्यांच्या मुलीशी दोनदा लग्न केलं असतं.

विरार फाट्याच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं. एवढं, की मागच्या गाडीत बारसं आणि पुढच्या गाडीत साखरपुडा झाला. दह्याला मात्र तो जाम मानवला. पाच तास होत आले. फडक्याखाली काय चाललंय ते देवाला ठाऊक. उघडून बघायचं नाही, हाही उस्तादचाच नियम.

मग रस्ता मोकळा झाला. वसई फाटा दोन-तीन किलोमीटर राहिला असेल. उजवीकडे कंटेनर, डावी लेन माझी. आणि पेट्रोल पंपाच्या आडून उलट्या दिशेने एक स्कूटर समोर. दोन्ही बाजूंना केळ्यांचे घड, हेल्मेट कोपराला लटकवलेलं.

कट मारायला जागा नव्हती. मी दह्याचा विचार केला नाही. लग्नाचाही केला नाही. सगळा ब्रेक दाबला.

गाडी थांबली तेव्हा स्कूटर आणि बंपर यांच्यामध्ये हातभर अंतर होतं. यात अतिशयोक्ती नाही. बोर्डावरचा आकडा मी मनावर घेतला असता तर हातभर सोडा, बोटभरही उरलं नसतं. अंकलना पट्टा होता म्हणून ते जागेवर राहिले. दह्याला पट्टा नव्हता. डबा पुढच्या काचेवर आदळला आणि उलटून थेट त्यांच्या मांडीत आला.

केळीवाल्याने हात हलवून आमचे आभार मानले आणि तसाच, उलट्या बाजूनेच, पुढे निघून गेला.

अंकलनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भुईगावच्या बोलीत त्याचा असा उद्धार केला की पंपावरचा माणूस नळी हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या मागच्या सात पिढ्यांची वंशावळ झाली, आठवी सुरू झाली, आणि अंकल मधेच थांबले. डोकं आत घेतलं.

"काय झालं, अंकल?"

"काही नाही." मग काच वर करत म्हणाले, "मीपण फाट्याला असाच उलटा येतो. यू-टर्न फार लांब पडतो."

मी पुसायला टॉवेल पुढे केला. संपलं सगळं, असं मनाशी म्हणालो. तिला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करायला लागलो, आणि मला, मला!, एकही थाप सुचेना.

अंकलनी टॉवेल घेतला नाही. ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. तिथे दह्याचा एक तुकडा बसला होता. सुरीने कापल्यासारखा, कडा शाबूत, पाण्याचा थेंब नाही. त्यांनी तो बोटावर घेतला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

"लागलं होतं," ते म्हणाले.

मी श्वास सोडला तो बहुतेक अर्नाळ्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"साखर आहे का रे गाडीत?"

फाट्यावर उस्ताद वाट बघत उभाच होता. अंकल दह्याने माखलेल्या पँटमध्ये खाली उतरले. त्यांचा अवतार बघून उस्तादने कपाळावर हात मारला. "सांडलं?"

"सांडलं," अंकल म्हणाले. "सांडायलाच हवं होतं." मग माझ्याकडे वळून, "रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की घरच्यांना घेऊन ये."

लग्नाच्या मांडवात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा स्कूटरच्या जागी हत्ती होता आणि डबा हवेत तीन कोलांट्या मारत होता. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर दुरुस्ती केली, "हत्ती नव्हता. केळी होती." हल्ली ते फाट्याला येताना लांबचा यू-टर्न घेऊनच येतात, आणि येऊन आधी मला ऐकवतात, "तुझ्या पायी पेट्रोल जास्त जळतं." मी ऐकून घेतो. मग ते बॉनेटवरचा डबा उचलतात, फडकं बाजूला करतात, आणि चमचा मागतात.