आप्पांच्या दोन हाका

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो, एमआयडीसीत बॉयलरवर काम करतो. आठवडाभर शिफ्ट केल्यावर भुतांना घाबरायचीसुद्धा ताकद उरत नाही... पण दोन वर्षांपूर्वीची पौषातली ती रात्र काही केल्या पाठ सोडत नाही, म्हणून लिहितोय.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, डोंगरात. थंडीत रात्री कशेडी घाट चढणारे ट्रक अगदी अंगणात आल्यासारखे ऐकू येतात, दिवसा मात्र काही नाही. याचं कारण मला कंपनीच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये कळलं. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वरची त्या मानाने गरम राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. त्यामुळे तो लांबपर्यंत पोचतो. आमच्या बॉयलरच्या ब्लोअरच्या आवाजाच्या तक्रारी आजूबाजूच्या वस्तीतून नेहमी रात्रपाळीतच का येतात, तेही तेव्हा समजलं.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. पुढे घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. बोलणं कायमचं बंद... खिशात वही-पेन. तरी हट्ट सुटला नाही. घरापासून दीडेक किलोमीटरवर, पऱ्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, आमचं वालाचं शेत आहे. तिथे मोबाईलला रेंज नाही. रानडुकरं हाकायला आप्पा रात्री शेतातल्या उंच लाकडी माळ्यावर, मचाणावर, राहायचे आणि मधूनमधून पत्र्याचा डबा वाजवायचे. डबा वाजला की आई म्हणायची, "भावजी जागे हायत."

त्या दिवशी मी डबल शिफ्ट करून सुट्टीला घरी आलो होतो. अकराच्या सुमारास डबा थांबला. डोळा लागला असेल, असं आम्ही धरून चाललो.

थोड्या वेळाने हाक आली — "सुऱ्या ऽऽ..."

आवाज आप्पांचा. ऑपरेशनच्या आधीचा, शेवटी जरा चिरकणारा. मी बॅटरी घेऊन उठलो. आईने मनगट धरलं.

"कुठं चाललास?"

"आप्पा हाक मारतायत."

"भावजींना आवाज हाय का रे?"

मी दाराशीच थांबलो.

"मग गप बस. रात्रीच्या हाकेला तिसऱ्या खेपेबिगर ओ द्यायची नाय. वाईट आसंल तर त्याला तिसऱ्यांदा बोलवता येत नाय. माणूस आसंल तर बोलवील."

दुसरी हाक आली. शेताच्या बाजूनेच, पहिलीपेक्षा स्पष्ट. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. तिसरी आली नाही.

खरं सांगू? मला भीती वाटली नव्हती. डबल शिफ्टने अंग आंबून गेलं होतं, आणि आईचं म्हणणं सोयीचं वाटलं. मी झोपलो.

सकाळी चहा घेऊन गेलो, तर आप्पा माळ्याखाली पडलेले. मांडीचं हाड मोडलेलं, कपडे दवाने ओलेचिंब, अंग गार. जिवंत होते, एवढंच. चौघांनी डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून महाडच्या दवाखान्यात. ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा चालले नाहीत.

डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "स्वरयंत्रच नाही, तर हाक कशी मारणार?" मीही विषय सोडून दिला. हाकांबद्दल आप्पांकडे मी चकार शब्द काढला नव्हता, आईनेही नाही.

चौथ्या दिवशी आप्पांनी खुणेने वही मागितली. लिहायला बराच वेळ लागला.

"सुऱ्या, दोन हाका मारल्या. मग दमलो."

आवाज दीड किलोमीटर कसा आला, ते मी कुणालाही समजावून सांगेन. तो निघाला कुठून, ते मला आजही माहीत नाही... आणि शोधायचं त्राणही उरलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरी जातो, आप्पांना कूस बदलून देतो, पाठ पुसतो. त्यांना सगळं ऐकू येतं. दोन्ही हाका मी ऐकल्या होत्या, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.