छातीचे दोन फोटो

कॅप्टन उलटी गिळायचा. शिरेतून चढणाऱ्या लाल औषधाची बाटली संपत आली की आम्हा दोघांच्याही पोटात ढवळून यायचं. मी कॉटखालच्या भांड्यात ओकून मोकळा व्हायचो. तो उशीचा कोपरा मुठीत धरून, दात आवळून पडून राहायचा. "ओकलो तं औषध वाया जाते ना बे." औषध रक्तात गेलंय, ते उलटीतून पडत नाही, असं सिस्टरने समजावलं. "तुमचं बरोबर आहे सिस्टर," तो म्हणाला, "पण रिस्क काहून घेऊ?"

काटोलकडच्या एका गावात तो कबड्डीच्या टीमचा कॅप्टन होता. गुडघ्याजवळची सूज मुका मार समजून त्याने सगळा हिवाळा तेल चोळण्यात घालवला. मी नागपूरचाच, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दोघांनाही हाडाचा कॅन्सर. वॉर्ड एक, औषध एक, आणि दोघांचाही उजवा पाय मांडीपासून गेला. त्यावरही तो मलाच रागावला. "अबे, तुहा डावा कापाले सांगाचं होतं! चपलीच्या एका जोडात दोघायचं भागलं असतं."

त्याची माय एस.टी.ने डबा आणायची. आधी माझ्या ताटात वाढायची. "खाय बाप्पा, तुले बी ताकद पायजे," म्हणायची. मी खायचो.

औषधाचे कोर्स संपल्यावर एकाच सकाळी आमच्या छातीचे फोटो निघाले. हा आजार हाडातून फुप्फुसात उतरतो, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी आधी कॅप्टनचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. ठिपके होते. मग माझा धरला. तो स्वच्छ होता.

"औषध तं सेमच होतं साहेब," कॅप्टन म्हणाला.

डॉक्टर त्याच्या कॉटवर बसले. म्हणाले, एका गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यांच्या गुणसूत्रांत फरक पडत जातो. औषधाने बऱ्याच मेल्या. ज्यांना ते पचलं त्या उरल्या, आणि आता त्याच वाढताहेत. तुझं काही चुकलं नाही.

"म्हणजे कच्चे प्लेअर औट झाले, पक्के मैदानात राहिले," कॅप्टन म्हणाला.

दुपारी माय डबा धुवायला गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "फोटो पाहून खूश झालता ना?"

"काहीतरीच काय!"

"सांग ना गा. मी असतो तं नाचलो असतो, एका पायावर."

मी भिंतीकडे तोंड केलं. दिवाळीच्या आधी तो गेला.

माय पुढे कितीतरी वर्षं मला बघायला येत राहिली. माझ्या लग्नात ती माझ्या आईशेजारी बसली होती. तिला काय, कोणालाच मी हे सांगितलेलं नाही. कॅप्टन, खूश झालो होतो. माझा फोटो पाहून नव्हे. त्याच्याही आधी, तुझ्या फोटोत ठिपके दिसले तेव्हाच. मनात आलं होतं, दोघांतून एक जायचाच असेल तर तो ठरला.