रेषेबाहेरची ज्वारी

जगातली कुठलीही गोष्ट आलेखावर सरळ रेषेत बसवता येते, असा गाढ विश्वास बाळगणारा आमच्या साडूंसारखा माणूस साऱ्या सोलापुरात दुसरा नसेल. आम्ही दोघं एकाच कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी गरम भाकरी वाढली, की ती किती वेळात गार होते हे ते थर्मामीटर खुपसून बघत आणि मग गार भाकरी खात. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, म्हणायच्या, "भाकरीला ताप आलाय व्हय हो?"

पन्नाशीला टेकल्यावर त्यांना बायोइन्फर्मेटिक्सचं, म्हणजे जनुकांतली माहिती संगणकावर उलगडण्याचं वेड लागलं. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. म्हणून ते आमच्याच कॉलेजात अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. उत्तर चुकलं की हे उभेच राहत. बाई काकुळतीला येत, "सर, बसा की हो!"

असं करत त्यांनी पाण्याविना तग धरणाऱ्या ज्वारीच्या जनुकांवर प्रबंध लिहिला. परवा त्याची तोंडी परीक्षा होती; ती खुली असल्यानं मीही मागं जाऊन बसलो होतो. पार पडली तर विद्यापीठातल्या नव्या विभागात नेमणूक, नाहीतर पुन्हा आमची फिजिक्सची खोली.

परीक्षकांनी प्रबंधातल्या एका आलेखावर बोट ठेवलं. "हा एक वाण तुम्ही वगळलात. का?"

"रेषेपासून फार लांब पडत होता. मोजण्यातली चूक समजलो."

"आणि चूक नसेल तर?"

साडू त्या आलेखावर वाकले. चूक मोजणाऱ्या यंत्रावर ढकलली असती तरी ते सुटले असते. आणि मी? लिहायला लाज वाटते, पण मला क्षणभर बरं वाटलं. हे अडकले तर माझ्या शेजारच्या टेबलावर परत येतील.

"सर, फिजिक्सच्या सवयीनं वागलो," साडू म्हणाले. "तो वाण पाण्याविना वेगळ्याच तऱ्हेनं जगत असेल. मी बघितलंच नाही. वेळ द्या, त्याला धरून सगळं पुन्हा तपासतो."

परीक्षकांनी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाले, "ते करून जोडा. पदवी द्यायला माझी हरकत नाही."

बाहेर ताई रडत हसत होत्या. साडूंचं लक्षच नव्हतं. "पाव्हणं, तो वाण वेगळा कशानं पडला असंल हो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ते हेच विचारायला परीक्षकांच्या गाडीकडं धावले. साडूंसाठी सकाळी घेतलेला हार हातात धरून मी तिथंच थांबलो.