गाढविणीच्या दुधाच्या रांगेतली हिरव्या लुगड्याची बाई

बुधवार, १२ जानेवारी १९५५, दुपारचे साडेतीन. भाच्याला झोपवून वाचनालयाच्या फळ्यासाठी हा कागद लिहीत आहे. शिरपूरकरांनो, पूर्ण वाचा.

चार वर्षांच्या भाच्याला डांग्या खोकला झाला आहे. अक्काच्या आग्रहावरून सकाळी त्याला कुंभाराकडे गाढविणीचे दूध पाजायला नेले. रांगेत बरीच पोरे खोकत होती. मी घाई केली, तर कुंभार म्हणाला, "नंबरमा उभा ऱ्हाय भाऊ, गाढवी काई पयी नई जास!" गाढवीण काही पळून जात नाही, यावर सगळे हसले.

माझ्यापुढे हिरव्या लुगड्याची बाई होती, खांद्याशी दोनेक महिन्यांचे बाळ. भाच्याला उबळ आली, तो निळा पडला. तिनेच त्याला जवळ घेऊन पदराने तोंड पुसले. मग त्याच पदराखाली बाळाला घेतले.

"त्यालाही खोकला आहे का?" मी विचारले.

"नई भाऊ, याले काईच नई शे. आगोदरच पाजी ठेवस."

तिथून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "या खोकल्याची प्रतिबंधक सुई आधी टोचायची असते, आता हा सोसूनच बरा होईल. खोकल्याबरोबर जंतू उडतात. याच्याजवळ तान्हे मूल आले होते का? असेल तर आजच आणा. तान्ह्यांना कधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो."

धावत कुंभाराकडे गेलो. रांग संपली होती. बाई बैलगाडीने सातपुड्याकडे गेली, एवढेच त्याला ठाऊक.

डांग्या खोकला सर्दीसारखाच सुरू होतो; काही दिवसांनी बाळाचे नाक वाहील आणि घरचे म्हणतील, थंडी बाधली. तिला कोणी ओळखता का?