मासोळ्यांचा बर्फ

“मायस्थेनिया ग्रॅव्हिस,” नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. मला ते नाव उच्चारून पाहता आले नाही. त्यातले पहिलेच अक्षर ओठ मिटल्याशिवाय निघत नाही, आणि माझे ओठ मिटत नव्हते. मी ते कागदावर लिहून घेतले. सात महिने ज्याला सगळे ‘टेन्शन’ म्हणत आले, त्याला अखेर त्याचे नाव मिळाले होते. मी रडले नाही. मला जिंकल्यासारखे वाटले.

या आजारात नस स्नायूला निरोप पाठवते, पण आपलेच शरीर चुकून स्नायूची दारे लावून घेते. पहिले काही निरोप पोचतात, पुढचे दाराशीच राहतात. विश्रांतीने शक्ती परतते, वापरली की ओसरते. म्हणूनच मी सकाळी धडधाकट असे आणि तिसऱ्या प्रहरी ओळखू न येण्याजोगी. हे कोणी आधी सांगितले असते, तर पुढचे फारसे घडलेच नसते.

मी सिहोऱ्याला राहते आणि तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दिवाळीनंतरचे दिवस होते. गिरण्यांतून उकडल्या धानाचा ओलसर, गोड वास वर्गापर्यंत येई. दुपारच्या तिसऱ्या तासाला कविता वाचताना माझा आवाज नाकात शिरला. मागच्या बाकावर कोणी हसले. मग प, ब, म ही अक्षरे सैल झाली. डावी पापणी उतरली आणि फळ्यावरची एक ओळ दोन झाली.

तपासण्या झाल्या. रक्तदाब, साखर, थायरॉइड, डोक्याचा सीटी स्कॅन, सगळे नॉर्मल. प्रत्येक डॉक्टरांची वेळ सकाळची मिळे आणि त्यांच्यासमोर मी ताठ बसलेली असे. “घरात काही ताण?” असे विचारून एकाने झोपेची गोळी लिहून दिली. माझे यजमानही गोंधळले होते. “सकाळी तर बरी असतेस,” ते म्हणत. त्यात दोष नव्हता, पण माझ्या शरीराची साक्ष कोणी घेत नव्हते.

मे महिन्यातल्या बाजाराच्या दिवशी कौसल्याबाईंकडे मासोळ्या घ्यायला गेले. ढिवरांच्या घरची ही बाई आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि तलावाची मासळी थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून विकते. माझी उतरलेली पापणी पाहून तिला वाटले, डोळे आलेत.

“डोरा आला काय वं बाई? थांबा.”

तिने बर्फाचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या डोळ्यावर दाबला. शेवाळ, खवले आणि थंडी यांचा वास एकदम आत गेला. दोनेक मिनिटांनी तिने हात काढला.

“पाहा ना, उघडला. मासोऱ्यायचा बर्फ हाय, दवाखान्याचा नाही.”

बाजार एकच दिसत होता. दोन नव्हे. घरी तीन दिवस मी हेच करून पाहिले. बर्फाने पापणी वर येई, शेकाने अधिकच उतरे. तारीख, वेळ, किती मिनिटे टिकली, एका श्वासात किती आकडे मोजता आले, सारे वहीत लिहिले. हा माझा पहिला खरा रिपोर्ट होता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चहा नाकातून बाहेर आला. मान हाताने धरावी लागली. आडवे झाले की छातीवर कोणी बसल्यासारखे वाटे. यजमानांनी गाडी बोलावली. मी वहीकडे आणि मग मागच्या गल्लीकडे बोट दाखवले. कौसल्याबाई डबा घेऊनच गाडीत बसल्या.

ज्या रुग्णालयात गेलो त्याचे नाव घेत नाही. बोटावरचे यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत होते. वाचकहो, या आजारात तो आकडा सर्वांत शेवटी पडतो. तरुण डॉक्टर म्हणाले, “पॅनिक अटॅक आहे. शांत झोपेचं इंजेक्शन देऊ.”

झोपेच्या औषधाने थकलेला श्वास थांबूही शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते की निजले तर मी उठणार नाही. मी हात ओढून घेतला, मूठ वळली आणि वहीत लिहिले: झोपेचे इंजेक्शन नको. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. मग डोळ्यावर बर्फ ठेवा.

“तो मासळीचा डबा आधी बाहेर न्या,” परिचारिका म्हणाली. “वास येतोय.”

“वास मासोरीचा हाय, बाईच्या बिमारीचा नाही,” कौसल्याबाई म्हणाल्या. “दोन मिंटं दम धरा. मंग मलेबी बाहेर काढा.”

डॉक्टरांनी वही वाचली. “मोजा,” ते म्हणाले. घरी सकाळी मी एका श्वासात तीसच्या पुढे जात असे. त्या दुपारी नऊवर आवाज संपला. मग बर्फ. मासळीचे पाणी गळ्यावरून ओघळले. फडके निघाले तेव्हा पापणी उघडी होती आणि डॉक्टरांचा एकच चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितले. मिनिटभरात पापणी पुन्हा उतरली. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि नागपूरला फोन लावला. चूक उलट फिरवायलाही धैर्य लागते. ते त्यांनी दाखवले.

नागपूरला ऑक्सिजनसह पोचले. निदान झाले, आणि त्याच संध्याकाळी श्वासाची नळी घालावी लागली. तीन दिवस यंत्राने माझ्यासाठी श्वास घेतला. आयव्हीआयजी दिले, म्हणजे अनोळखी रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे. त्या अनोळखी माणसांची मी ऋणी आहे. आता गोळ्या ठरल्या वेळी घेते. आजार गेलेला नाही. पण आता तो माझ्या नावावर आहे, माझ्या स्वभावावर नाही.

तुमची पापणी, आवाज, गिळणे दुपारनंतर दगा देत असेल, तर त्याच घटकेचे चित्रण करून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणी ‘टेन्शन’ म्हणाले, तर ऐकून घ्या, पण उठून जाऊ नका. वाचा गेली तर लिहा.

प्राचार्यांनी मला सकाळचे तास देऊ केले. तिसरा तास मी सोडला नाही, फक्त आता खुर्चीवर बसून शिकवते.

परवा बाजारात कौसल्याबाईंनी विचारले, “बर्फ देऊ काय?”

“बर्फ नको,” मी म्हटले, “पाव किलो मासोळ्या.” ब, प, म. तिन्ही ठिकाणी ओठ घट्ट मिटले.

“आयकू येते ना वं बाई,” ती तराजू उचलत म्हणाली. “कायले वरडून राहिल्या?”